खेड्यातल्या आयरिश पबाला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने नुकताच आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी काउंटीत भाड्याच्या मोटारीने आठवडाभर प्रवास केला आणि परतल्यावर त्याचे वर्णन लिहायला घेतले. डिंगल या गावात तो ‘फॉक्सी जॉन्स’ नावाच्या पबात शिरला, तेव्हा एका बाजूच्या फळ्यांवर त्याला खिळे, हातोड्या आणि रंगाचे डबे दिसले व दुसऱ्या बाजूला बिअरचे नळ दिसले. आपण चुकून दुसऱ्याच दुकानात आलो की काय, अशी शंका त्याला क्षणभर आली. वर्णन लिहिताना त्याची अडचण वेगळीच झाली. ‘पब’ म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काळोख, कर्कश संगीत आणि दारावरचा दांडगा रखवालदार येतो. ‘गुत्ता’ म्हटले तर त्या सभ्य जागेचा अपमान होतो, आणि ‘मद्यालय’ हा शब्द सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो. तेव्हा योग्य शब्द कोणता, असे त्याने विचारले आहे. त्याचबरोबर ‘जॉन्स’, ‘मॅक्स’ अशी नावे मराठीत कशी चालवावीत, तिथे सतत कानांवर पडणाऱ्या ‘क्रॅक’ या शब्दाचे काय करावे, आणि एका वृद्ध गृहस्थाने हसत हसत आपल्याला ‘बोनाफाईड’ का म्हटले असावे, हेही त्याला जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की ‘पब’ हाच शब्द ठेवावा, मात्र तो पहिल्यांदा येईल तिथे दोन वाक्यांत त्याची ओळख करून द्यावी. प्रतिशब्द शोधण्याचा आळस म्हणून मी हे सांगत नाही. उपलब्ध शब्द एकेक करून तपासले, तर प्रत्येकाने त्या जागेचा एखादाच कोपरा पकडलेला दिसतो.

‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’चा संक्षेप आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण संक्षेप करताना नेमके ‘घर’ गळून पडले, हे सहसा लक्षात येत नाही. आयरिश भाषेने ते घर राखले आहे. तिथे पबाला ‘त्याख तावर्न्ये’ म्हणतात. त्यातला ‘त्याख’ म्हणजे घर, आणि ‘तावर्न्ये’ हा लॅटिनमधल्या ‘ताबेर्ना’ या शब्दाचा वंशज आहे. ‘ताबेर्ना’ म्हणजे खोपट, दुकान, खाणावळ, पिण्याची जागा यांपैकी काहीही. गोव्यातल्या वाचकाला इथे ओळखीची खूण पटेल, कारण पोर्तुगिजांबरोबर आलेला ‘तावेर्न’ हा गोव्यातल्या गावोगावी रुजलेला शब्द त्याच लॅटिन मुळाचा आहे. म्हणजे केरीतला म्हातारा आणि सासष्टीतला म्हातारा संध्याकाळी एकाच शब्दाच्या दोन शाखांवर जाऊन बसतात. गंमत अशी की आयरिशमध्ये ‘लोकांचे घर’ हा अर्थ शब्दशः सांगणारा ‘त्याख पोबल’ असा शब्दप्रयोगही आहे, परंतु तो ज्या भागांत चालतो तिथे त्याचा अर्थ होतो चर्च! ‘पब्लिक हाऊस’चे आयरिशमध्ये शब्दशः भाषांतर करून पत्ता विचारणारा प्रवासी थेट पाद्र्यापुढे जाऊन उभा राहील. (जाता जाता: ‘त्याख’ या शब्दाच्या मुळाशी ‘झाकणे, आच्छादणे’ हा अर्थ आहे, आणि संस्कृतातला ‘स्थग्’ हा धातू त्याच गोत्रातला मानला जातो. त्या ‘स्थग्’वरून आलेल्या ‘स्थग’ शब्दापासून आपला ‘ठग’ निघाला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. एकाने घर झाकले, दुसऱ्याने हेतू झाकला.)

आता ‘गुत्ता’. या शब्दाला आज जी दुर्गंधी आहे, ती त्याच्या जन्मापासूनची नाही. कन्नडमधले ‘गुत्तिगे’ आणि तेलुगूमधले ‘गुत्त’ हे त्याचे सोयरे असून त्यांचा अर्थ मक्ता, ठेका असा आहे; मराठवाड्यात रस्त्याचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’च म्हणतात. दारू विकण्याचा मक्ता सरकारकडून घेतलेली जागा तो ‘दारूचा गुत्ता’, आणि पुढे ‘दारूचा’ हे विशेषण न लावताही तोच अर्थ उमटू लागला. हे मी विस्ताराने सांगतो, कारण पबमालकाला इंग्रजीत जो ‘पब्लिकन’ हा शब्द आहे, त्याचा इतिहास याच वाटेने जातो. रोमन राज्यात ‘पुब्लिकानुस’ म्हणजे सार्वजनिक महसूल गोळा करण्याचा मक्ता घेणारा इसम. मराठी बायबलमध्ये पापी लोकांच्या पंगतीला जो ‘जकातदार’ बसलेला आढळतो, तो जुन्या इंग्रजी बायबलात ‘पब्लिकन’च आहे. ‘पब्लिक हाऊस’ चालवणारा तो ‘पब्लिकन’, अशी सांगड इंग्रजीत नंतर बसली. पण परिणामी एका भाषेत मक्तेदाराचे नाव पबमालकाला मिळाले आणि दुसरीत मक्त्याचे नाव दारूच्या दुकानाला मिळाले. तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने ‘पब्लिकन’चे भाषांतर ‘गुत्तेदार’ असे करण्याला माझी काहीच हरकत नाही. व्यवहारात मात्र ते करू नये, कारण वाचक अर्थ आजच्या वापरावरून घेतो आणि ‘गुत्त्या’त आज बाक, मळकट ग्लास आणि घरच्यांपासून लपवलेली संध्याकाळ एवढेच उरले आहे. ‘पिठा’ या शब्दाचेही तेच झाले आहे.

‘मद्यालय’ आणि ‘मद्यगृह’ यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ते अर्थाला बरोबर आहेत आणि कोणाच्याही तोंडी नाहीत.

मुळात खेड्यातला आयरिश पब हे केवळ पिण्याचे ठिकाण नव्हते, आणि प्रश्नकर्त्याला जे विचित्र वाटले ते एके काळी तिथे अगदी रुळलेले होते. वस्ती विरळ आणि गिऱ्हाईक थोडे असल्यामुळे एकाच माणसाला किराणा, बियाणे, लोखंडी सामान आणि दारू हे सगळे एका छपराखाली विकणे परवडत असे. पुढच्या अंगाला चहापत्तीचे डबे आणि मागच्या अंगाला बार, ही रचना लीश काउंटीतल्या ॲबीलिक्स येथील ‘मॉरिसीज’ या जुन्या पबात अजूनही पाहायला मिळते. डिंगलमध्येच ‘डिक मॅक्स’ नावाचा पब आहे, तिथे एका बाजूला बाटल्या आणि समोरच्या बाजूला चामड्याच्या वस्तूंचे काम. टिपेररीतल्या फेथर्ड गावचा ‘मॅकार्थीज’ तर पब, खानपानगृह आणि अंत्यविधीची व्यवस्था अशा तिन्ही सेवा देतो. ही जोडगोळी ऐकून आपल्याला हसू येते, पण तिला कारण आहे: प्रेत ठेवण्याजोगी थंड जागा गावात सहसा पबाच्या तळघरातच असे, आणि चौकशी होईपर्यंत मृतदेह जवळच्या पबात ठेवण्याची सोय १८४६ च्या एका कायद्याने करून दिली होती, ती १९६२ पर्यंत टिकली. दारू आणि किराणा यांच्या शेजाराचे नवल गोवेकरांना वाटणार नाही. ‘बार अँड जनरल स्टोअर’ अशी पाटी तिथल्या खेड्यांत सर्रास दिसते. आणि ‘ताबेर्ना’चा एक अर्थ दुकान असाच होता, हे वर आलेच आहे. म्हणून प्रश्नकर्त्याने वर्णनात एखाद्या ठिकाणी ‘हे पब म्हणजे किराणा, हार्डवेअर आणि दारू यांचे एकत्र दुकान’ असे सरळ लिहावे. त्याने जे चित्र उभे राहते ते कोणत्याही नव्या सामासिक शब्दाने राहणार नाही.

आता ‘जॉन्स’ आणि ‘मॅक्स’. या नावांतला शेवटचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे, ‘जॉनचे’ या अर्थाचा. ‘डिक मॅक्समध्ये गेलो’ असे लिहिले की प्रत्ययावर प्रत्यय बसतो आणि ‘मॅक्स’ हे कोणा माणसाचे नाव असल्याचा भास होतो. मराठीत यासाठी पूर्वापार चालत आलेली सोय आहे, ती म्हणजे ‘कडे’. आपण ‘चितळ्यांकडे बाकरवडी मिळते’ म्हणतो, ‘जोश्यांकडे गणपतीला गेलो होतो’ म्हणतो. दुकान आणि घर या दोहोंना हा प्रत्यय सारखाच लागतो, आणि दोहोंतही माणूस मध्यभागी असतो. आयरिश पबाच्या दारावर मालकाचे आडनाव रंगवलेले असते, पुष्कळदा ते मागच्या पिढीतल्या मालकाचे असते, आणि गावकरी त्याच नावाने त्या जागेचा उल्लेख करतात. तेव्हा ‘आम्ही संध्याकाळी डिक मॅककडे गेलो’ हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहेच, शिवाय ‘पब’ या शब्दातून गळलेले घर तिथे आपोआप परत येते. पाटीचा उल्लेख करायचा असेल तेव्हाच ‘डिक मॅक्स’ असे पूर्ण नाव द्यावे. जिथे नाव माणसाचे नाही, तिथे अर्थात ‘मध्ये’च हवे: ॲनस्कॉल गावातल्या ‘साऊथ पोल इन’मध्ये. दक्षिण ध्रुवाकडील तीन मोहिमांत भाग घेतलेला टॉम क्रीन हा खलाशी आपल्या गावी परतला आणि त्याने हा पब चालवला. केरीतल्या हिरव्या डोंगरांत हे नाव कुठून आले, याचा उलगडा वाचकाला वर्णनातच व्हायला हवा.

‘क्रॅक’ हा शब्द प्रश्नकर्त्याला अस्सल आयरिश वाटला, आणि तिथल्या पाट्यांवरचे त्याचे आयरिश वळणाचे स्पेलिंग पाहून कोणालाही तसेच वाटेल. प्रत्यक्षात तो स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधल्या ‘गप्पा’ या अर्थाच्या शब्दावरून, अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडील प्रांतामार्गे, देशभर पसरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे आयरिश स्पेलिंग सर्वत्र पसरले, आणि काही आयरिश लेखकांना ते अजूनही खुपते. अर्थ पाहिला तर गप्पा, हशा, गाणे, बातम्या आणि त्या सगळ्यांतून येणारी रंगत, असा त्याचा विस्तार आहे. एका शब्दात तो मराठीत येणार नाही, पण वाक्यात बरोबर येतो. ‘काल क्रॅक फार चांगला होता’ याला ‘काल मोठी रंगत आली’ म्हणावे, आणि भेटल्यावर विचारतात त्या ‘क्रॅक काय?’ला आपले ‘काय विशेष?’ पुरेसे आहे. मूळ शब्द मराठीत तसाच ठेवण्यात धोका आहे, कारण मराठी बोलण्यात ‘क्रॅक’ म्हणजे डोक्याने सरकलेला माणूस.

पबातल्या संगीताला तिथे ‘सेशन’ म्हणतात, आणि प्रश्नकर्त्याने त्यासाठी ‘मैफल’ योजला आहे. तो मी बदलेन. मैफलीत गायक श्रोत्यांकडे तोंड करून बसतो आणि श्रोते त्याच्यासाठीच आलेले असतात. आयरिश सेशनमध्ये फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी आणि बोरान हा हातडफ वाजवणारे एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, कोणाची कोणाकडे पाठ आहे याची फिकीर नसते, आणि चाल ठाऊक असलेला नवा वादक संमतीने मध्येच सामील होतो. हे दृश्य मैफलीपेक्षा गावच्या भजनी मंडळाच्या जवळ जाते. ‘सेशन’ या शब्दाच्या मुळाशी ‘बसणे’ ही क्रिया आहे, आणि मराठीत तिच्यापासूनच ‘बैठक’ आली; गाण्याचीही बैठक असते आणि ‘आज बसायचं का?’ या प्रश्नातली दुसरी बैठकही सर्वांना ठाऊक आहे. आयर्लंडमध्येही ‘सेशन’ला हे दोन्ही अर्थ आहेत. इतका नेमका जुळणारा शब्द हाताशी असताना दुसरीकडे पाहू नये.

जुन्या पबातल्या ‘स्नग’ नावाच्या, लाकडी पडदी घालून वेगळ्या केलेल्या छोट्या खोलीबद्दलही एक सूचना. बारकडे उघडणाऱ्या लहान खिडकीतून तिथे पेला दिला जाई, आणि बाहेर बसणे ज्यांना शोभणार नाही अशी माणसे, विशेषतः स्त्रिया, कधी पाद्री किंवा पोलीस, आत बसत. हिला ‘फॅमिली रूम’ म्हणावे. इराण्याच्या हॉटेलात आणि परमिट रूममध्ये हा शब्द ज्याने वाचला आहे, त्याला पडदीचे प्रयोजन समजावून सांगावे लागणार नाही.

‘परमिट रूम’ वरूनच शेवटच्या प्रश्नाकडे येतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, आणि त्या परवान्याचे नाव खोलीला चिकटून राहिले. आयर्लंडमध्ये कायद्याने असेच एक नाव माणसाला चिकटवले. पब बंद ठेवण्याच्या वेळेतही खऱ्याखुऱ्या प्रवाशाला पेय देण्याची मुभा तिथल्या कायद्यात होती, आणि खरा प्रवासी कोण, तर आदल्या रात्री निदान तीन मैल दूर मुक्काम केलेला. डब्लिनकरांसाठी हे अंतर पाच मैल होते. अशा प्रवाशाला ‘बोनाफाईड’ म्हणत. घोडागाडीच्या काळातला हा नियम सायकली आणि मोटारी आल्यावर हास्यास्पद झाला, कारण तहानलेला माणूस मोजून तेवढे मैल जाऊन दुसऱ्या गावात ‘प्रवासी’ म्हणून हजर होऊ लागला. १९६० मध्ये ही सवलत रद्द झाली, पण शब्द वृद्धांच्या आठवणीत राहिला. प्रश्नकर्ता त्या दिवशी कॉर्कहून मोटार हाकत आला होता, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, आणि म्हाताऱ्याने त्याला जुन्या कायद्याच्या कसोटीवर पास केले, एवढाच त्या हसण्याचा अर्थ. इथे शब्द बदलण्याची गरज नाही. शाळेच्या खिडकीशी उभे राहून बोनाफाईडचा दाखला मागितलेला मराठी वाचक, बारच्या खिडकीशीही तोच लागत असे हे कळल्यावर स्वतःच हसेल.