दप्तर वाचल्याशिवाय अर्ज भरू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

"काकू, मी बाहेरचा. मला इथं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचा हक्क आहे का?" असं तू विचारलंस, आणि मी चहा पुढे करून विषय बदलला. उत्तर नव्हतं असं नाही. तोंडी सांगितलं असतं तर रागाने सांगितलं असतं, म्हणून लिहिते.

हक्काचं लगेच मिटवू. वय 21 पूर्ण हवं, आपल्या ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव हवं, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधल्या कलम 14 च्या अपात्रता लागू नसाव्यात. तुझं मूळ गाव लातूरकडे आहे की इथंच सात पिढ्या गेल्यात, हे कायदा विचारत नाही. भावकी विचारते, पण भावकीला मी आयुष्यभर तोंड दिलंय, तूही देशील. मला लागलं ते वेगळंच. चार वर्षं तू इथं राहतोस आणि एकाही ग्रामसभेला आला नाहीस. पंचायतीच्या ऑफिसात आलास तो टँकरची तक्रार घेऊन. आता सोसायटीचा ग्रुप म्हणतोय सरपंचपदाला उभा राहा, गावातलं पॅनल म्हणतंय आमच्याकडून वॉर्डात ये, आणि तू माझ्याकडे येऊन विचारतोस कुणाचं ऐकू. कुणाचंच ऐकू नकोस. आधी दप्तर वाच.

दप्तर म्हणजे काय ते तुला ठाऊक नसणार, यात तुझा दोष नाही. पंचायतीचा सगळा कारभार ठरलेल्या नमुन्यांत लिहिला जातो. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 ही मागणीची, नमुना 5 म्हणजे रोकडवही. शिवाय मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त असतं. गावात पाच वर्षांत जे झालं आणि जे झालं नाही, ते तिथंच सापडतं.

तुमच्या ग्रुपवर लिहितात, "आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला पाणी द्या." भरता का? आकारणी झालीय का तुमच्या फ्लॅटांची? मी सरपंच असताना एका इमारतीची नोंद मी स्वतः काढून बघितली होती. जागेवर सात मजले उभे, लोक राहायला आलेले, गॅलऱ्यांत कपडे वाळत पडलेले. नोंदवहीत त्या मिळकतीपुढे शेत विकलेल्या जुन्या मालकाचं नाव आणि बांधकामाच्या रकान्यात 'पत्र्याचे शेड'. घरपट्टी त्या शेडची. तिथले रहिवासी बिल्डरला सगळ्या करांचे म्हणून पैसे देऊन निश्चिंत होते. गावातले म्हणत होते, फ्लॅटवाले फुकटे आहेत. दोन्हीकडचे लोक खरं बोलत होते आणि दोघांनाही नोंदवहीतली ती ओळ माहीत नव्हती. ग्रामसभेत मी ती वाचून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा गावकरी आणि सोसायटीवाले एकाच बाजूने बोलले. तू नेमका याच दोघांच्या मधे उभा राहणार आहेस. भाषणाने त्यांना जोडता येईल असं वाटत असेल तर सोडून दे. ती ओळ शोध.

पाण्याचंही तेच. हिंजवडी-पिरंगुट पट्ट्यातल्या गावांची दमछाक कुठं होते ते आकड्यांत बघ. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरतात, शहरी योजनांत 135 लिटर. गावात शहरासारखे मजले चढलेत आणि योजना गावाच्या हिशोबाची आहे. आपल्या योजनेच्या अंदाजपत्रकात लोकसंख्या किती धरलीय, हे एका तरी उमेदवाराला विचारून बघ. आणि इमारतींची परवानगी पंचायत देत नाही. त्यासाठी 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. पाण्याची सोय मी करीन असं हमीपत्र बिल्डरने परवानगीच्या वेळी दिलं असेल, तर ते त्या फायलीत लागलेलं असणार. माहिती अधिकाराचा अर्ज टाक, नक्कल काढ. तुमच्या टँकरचा खर्च पंचायतीच्या डोक्यावर ठेवायचा की हमी देणाऱ्याच्या, हे त्या कागदावर ठरेल. तो न बघता "निवडून आलो की चोवीस तास पाणी" असं बोललास तर मी तुझ्या विरोधात मत देईन, आणि तसं तुला आधी सांगून देईन.

पैशाचंही असंच समजून घे. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग 2021 ते 2026 या काळात पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत बाकीचं गाव. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे आकडे डोक्यात ठेवून रोकडवही वाच. राखून ठेवायचे पैसे कुठं गेले, कुठल्या वस्तीला काय मिळालं नाही, हे पानापानावर दिसतं. दलित वस्तीतला दिवा कुणी अडवला ते भाषणातून कधी कळत नाही.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी ती लागते. एवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिली सभा कामाच्या दिवशी सकाळी लावायची, माणसं येत नाहीत, तहकूब करायची, आणि पुढच्या वेळी मोजकी माणसं बसवून ठराव घ्यायचे. तुमच्या सोसायटीतली सगळी शिकलेली माणसं त्या वेळी कंपनीच्या बसमध्ये असतात. मग वर्षभर ग्रुपवर चिडतात. इतकी शिकलेली माणसं वर्षातल्या चार सकाळी काढू शकत नाहीत, हे मला कधीही समजणार नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण पॅनलवाले तुला ती त्यांच्या पद्धतीने सांगतील.

माझ्या वेळी सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. जागा बाईची निघाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. सह्या मी करायच्या आणि बाकीचं दीर बघतील, असं ठरलं होतं. माझ्याशी नव्हे, आपसांत. खालच्या वस्तीच्या पाइपलाइनचं बिल माझ्यापुढे आलं. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची सही लागते. मोजमाप पुस्तिकेत चर एक मीटर खोल लिहिला होता. मी वस्तीवर गेले, चरात काठी उभी केली. ती माझ्या गुडघ्याच्या वर आली नाही. खाली मुरूमसुद्धा लागला नव्हता, साधी माती होती, म्हणजे खडक लागला म्हणून थांबलो असं म्हणायलाही जागा नव्हती. त्या खोलीवर पाइप टाकला असता तर पहिल्याच ट्रॅक्टरखाली फुटला असता. मी सही केली नाही.

ठेकेदाराने काम टाकलं. उन्हाळा लागला. वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात आल्या आणि मला नको नको ते बोलल्या. त्यातली एक माझ्याबरोबर शाळेत होती. ती अजून माझ्या घरची पायरी चढत नाही. दिरांनी बोलणं टाकलं. अविश्वास ठराव आला तेव्हा पहिला हात घरातल्याच माणसाचा वर झाला. पुढच्या निवडणुकीत मी पडले. गावात आजही म्हणतात, हिने विकास अडवला. दप्तर वाचत बसली आणि लोकांना तहानलेलं ठेवलं.

त्या उन्हाळ्याचं मला वाईट वाटतं. रात्री अजून आठवतं. त्या मैत्रिणीचं तर फार वाटतं. पण सही केली असती तर बरं झालं असतं, हे मला आजही पटत नाही. त्या बाया पाण्याला मुकल्या त्या चर उथळ खोदणाऱ्यामुळे. मी फक्त तो मोजला. नंतर काम पुन्हा झालं ते पूर्ण खोलीवर झालं, आणि ती लाइन आजही चालू आहे. माझं नाव कोनशिलेवर नाही. नसू दे. मोजमाप पुस्तिकेतली दुरुस्ती माझ्या आक्षेपामुळे झालीय आणि तो आक्षेप प्रोसिडिंगमध्ये आहे. कुणी बघायला गेलं तर सापडेल. असो, मी परत त्यातच शिरले.

तू हिवरे बाजारचं नाव घेतलंस. पोपटराव पवार तिथं 1989 साली सरपंच झाले. ते गाव दुष्काळी, आपलं पावसाचं. तिथली अडचण वेगळी होती, आपली माणसांच्या लोंढ्याची आहे. पण एक गोष्ट जशीच्या तशी उचल. तिथं गावात पाणी किती आणि वापरायचं किती याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. भाषण नाही, आकडे. आपल्याकडे किती टँकर आले आणि कुणी पैसे दिले, एवढं जरी कुणी मांडलं तरी अर्ध्या भांडणाचा निकाल लागेल.

"काकू, गाव आज ना उद्या महापालिकेत जाणारच, मग एवढं कशाला?" असंही म्हणालास. 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत गेली, 2021 मध्ये आणखी 23. जेव्हा जातं तेव्हा दप्तर महापालिका ताब्यात घेते आणि ग्रामसभा संपते. गायरान किती, ओढ्याची रुंदी किती, शाळेची जागा कुणाच्या नावावर, याच्या नोंदी त्याआधी नीट झाल्या नाहीत तर नंतर तू कुठल्या खिडकीशी उभा राहणार? जाणार आहे म्हणूनच घाई कर.

सरपंचपदाचं म्हणशील तर नको. थेट निवडणूक 2017 ला आली, 2020 ला काढली, 2022 ला परत आणली. ग्रुपवरच्यांना वाटतं, थेट आहे म्हणजे आपली मतं गोळा केली की झालं. त्यातल्या निम्म्यांची नावं अजून आपापल्या गावच्या यादीत आहेत, हे त्यांना विचार. आणि समज निवडून आलास. सदस्य सगळे विरोधातले असले तर मासिक सभेत तुझा एक ठराव पुढे सरकणार नाही. वॉर्डातून सदस्य हो. पाच वर्षं बस, वाच, आक्षेप लिहून घ्यायला लाव. तोंडी आक्षेपाला किंमत नसते.

पॅनलवाले बिनविरोधची गोष्ट काढतील. मंदिराला एवढे, तालमीला एवढे, आणि जागा वाटून घेऊ. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने पदांच्या लिलावावरून रद्द केली होती, हे त्यांना आठवण करून दे. एकोप्याने बिनविरोध होणारी गावं मी पाहिलीत, त्यांना माझा नमस्कार. पण जिथं आकडा बोलला जातो तिथून उठून ये.

अर्जाचंही नीट बघ, छाननीत उडालास तर माझं हे सगळं लिहिणं फुकट. घरपट्टीची थकबाकी नको. तुमच्या सोसायटीची मागची भिंत ओढ्याच्या हद्दीत आहे असं गावात बोलतात, मोजणीचा नकाशा काढ आणि वकिलाला दाखव. सरकारी जागेवरचं अतिक्रमण कुटुंबातल्या कुणी केलेलं असलं आणि सदस्य तिथं राहत असला तरी तो अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलंय. भिंतीचं त्यात बसतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण विरोधक वापरतील. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, जिंकलास तरी, हरलास तरी. धाब्यावरच्या जेवणाचं बिल तुझ्या नावावर कुणी फाडणार नाही याची काळजी आधीपासून घे.

शनिवारी पॅनलला उत्तर द्यायचंय म्हणालास. त्यांना सांग, मागच्या पाच वर्षांच्या रोकडवहीच्या आणि ग्रामसभेच्या प्रोसिडिंगच्या नकला द्या, त्या वाचून मग बसू. त्यांचे तीन सदस्य आत्ताच्या बॉडीत आहेत, मनात आणलं तर मिळवून देऊ शकतात. नाही दिल्या तर सोमवारी तू स्वतः लेखी अर्ज टाक. दोन प्रती ने, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घे. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्जावर तसंच लिही. नकला मिळाल्या की घेऊन ये. चष्म्याचा नंबर वाढलाय, मोठ्याने तू वाचायचं, मी ऐकीन.

तुझी,
काकू