वाचक विचारतात : निवेदन दिलं, फोटो काढला, पुढे काय?

प्रश्न : मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात ग्रामपंचायतीचं ग्रंथालय सांभाळते. गाव सगळं मराठी बोलणारं, पण कपाटात मराठी पुस्तकं मोजकीच, आणि पावसाळ्यात खोली गळते. गेल्या अधिवेशनात आम्ही बेळगावच्या सुवर्ण विधानसौधपाशी, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या तिथल्या इमारतीपाशी जाऊन आमदारसाहेबांना निवेदन दिलं. त्यांनी ते घेतलं, फोटोही काढला. त्यानंतर काहीच नाही. निवेदनाची प्रत सोबत जोडली आहे. आमचं काय चुकलं?

उत्तर : ताई, प्रत पाठवलीत ते बरं केलंत. दीड पानाचं निवेदन, त्यातलं पहिलं पान वाचनसंस्कृतीचं महत्त्व सांगण्यात गेलंय आणि शेवटी 'तरी आपण जातीने लक्ष घालावे'. कशात घालायचं हो लक्ष? छपरात, पुस्तकांत, की तुमच्या मानधनात? आमदारांचे पीए असा कागद वाचतात, वर 'योग्य कार्यवाही व्हावी' असा शेरा पडतो आणि कागद खात्याकडे जातो. तुमचा तर चुकीच्या खात्याकडे गेला. तुम्ही सार्वजनिक ग्रंथालय खात्याचं नाव घातलंय. ग्रामपंचायतींची ग्रंथालयं 2019 मध्ये त्या खात्याकडून काढून ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे दिली गेली. शहरातलं ग्रंथालय अजून जुन्याच खात्याकडे आहे, म्हणून हा गोंधळ आपल्याकडे सर्रास होतो.

आता मुद्द्याचं. घरपट्टीची पावती काढून बघा. आरोग्य कर, भिक्षुक कर यांच्या जोडीला ग्रंथालय कराचीही ओळ असते. कर्नाटकचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1965 चा, राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं. त्या कायद्यानुसार घरपट्टीच्या रुपयामागे 6 पैसे ग्रंथालयासाठी वसूल होतात. हजार रुपये घरपट्टी भरणारा 60 रुपये ग्रंथालयाला देतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या पंचायतीत हा कर किती जमला आणि त्यातला ग्रंथालयावर किती खर्च झाला, हे दोन आकडे मिळाले की दीड पानाची गरज उरत नाही. आमदारांना वाचनाचं महत्त्व पटवत बसू नका, ते भाषणात आपल्यापेक्षा चांगलं सांगतात. त्यांना विचारायला प्रश्न द्या.

आकडे पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, तोंडी मागून मिळाले तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत मांडायचा, हे ध्यानात ठेवा, नाहीतर अर्ज तेवढ्यावरूनच परत येतो. अर्ज मात्र तुम्ही करू नका. एखाद्या वाचकाला करू द्या, निवृत्त गुरुजी प्रत्येक गावात असतातच. तुम्ही पंचायतीच्या हाताखाली आहात. सरकारी नोकराने स्वतःच्या नोकरीच्या कामासाठी राजकीय वजन वापरणं सेवानियमांत बसत नाही आणि वरिष्ठही ते मनात ठेवतात. म्हणून मानधनाचा विषय या कागदात अजिबात नको. आकडे, नोंदवही, पुस्तकांची यादी तुम्ही तयार ठेवा, बोलायला वाचकांनी जावं.

नवा कागद एका पानाचा करा. गाव, पंचायत, रोज येणारे वाचक, कराची जमा आणि खर्च, आणि खाली दोन मागण्या. एक, खोलीच्या छपराची दुरुस्ती. दोन, यंदाच्या पुस्तकखरेदीत मराठीसाठी ठरावीक रक्कम. पुस्तकांची यादी किमतींसकट जोडा. 'मराठी पुस्तके द्यावीत' एवढंच लिहिलंत, तर कोणती द्यायची हे शोधायला कुणी बसत नाही. पत्र कन्नडमध्ये लिहा आणि मराठी प्रत मागे लावा. यावर काही जण मला शिव्या घालतील, घालू देत. ज्या टेबलावरून कागद पुढे सरकायचा, तिथल्या माणसाला तो वाचता आला पाहिजे. मला मराठी कपाटात हवी आहे.

आणि अधिवेशनात जाऊ नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधाच्या हलग्या-बस्तवाडकडे मोर्चांची नुसती रीघ असते, आमदारांच्या हातात निवेदनांचा गठ्ठा. शिवाय सभागृहात प्रश्न विचारायचा तर सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते. ऑक्टोबरात तालुक्याच्या गावी गाठा. खात्यांचे अर्थसंकल्पाचे कागदही पुढे हिवाळ्यातच हलू लागतात. पण त्याहून जवळची वाट म्हणजे केडीपीची, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाची, आढावा बैठक. तालुक्याची ही बैठक दर तीन महिन्यांनी आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते आणि सगळे अधिकारी समोर बसलेले असतात. 'अमुक पंचायतीत ग्रंथालय कर इतका जमला, खर्च इतकाच का?' एवढा प्रश्न तिथे आला की तालुका पंचायतीच्या ईओंना (कार्यकारी अधिकाऱ्यांना) उत्तर द्यावंच लागतं. विधानसभेतल्या लेखी उत्तरापेक्षा मला याचा भरवसा जास्त.

विधान परिषदेच्या आमदारांना आपण उगाच विसरतो. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून जे निवडून येतात, त्यांचे बहुतेक मतदार ग्रामपंचायतीचे सदस्यच. तुमच्या पंचायतीने ठराव करून दोन सदस्य त्यांच्याकडे पाठवले, तर ते दारातून परत येणार नाहीत.

आमदारांना बोलवायचं तर ग्रंथपाल दिनाला हार-नारळ घेऊन नको. साधा दिवस आणि संध्याकाळची वेळ, खोली भरलेली असते तेव्हा. मी नोकरीत असताना एक आमदार असेच वाट वाकडी करून आले. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बाकावर जागा नाही म्हणून पायऱ्यांवर वह्या घेऊन बसलेली. साहेब एकाशेजारी बसले, कुठल्या गावचा, बाप काय करतो, विचारत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'बाई, बंद किती वाजता करता?' आठला म्हटल्यावर म्हणाले, 'आणि ही पोरं आठनंतर जातात कुठे?' माझं भाषण तयार होतं, ते मी पर्समध्येच ठेवलं. जादा वेळेची मंजुरी पुढे आली, दिवे आणि पंखेही आले. खुर्च्यांना मात्र फार उशीर लागला.

कागद दिल्यावर पोच घ्या. शेऱ्यावर समाधान मानू नका. जिल्हा पंचायतीच्या सीईओंच्या (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या) नावे आमदारांचं पत्र मागा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : निपाणी भागातलं आमचं मराठी वाचनालय वर्गणीवर चालतं. पलीकडे महाराष्ट्रात कागलच्या वाचनालयांना वर्गवार अनुदान मिळतं. आम्ही मुंबईला जावं की इथल्या आमदारांकडे?

उत्तर : अ, ब, क, ड हे वर्ग महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यातले, ते दूधगंगा ओलांडून इकडे येत नाहीत. सीमाभागातल्या मराठी संस्थांना महाराष्ट्र सरकार मदत देतं, तिचा अर्ज जरूर करा, पण त्यावर रोजचा खर्च चालवायचा बेत करू नका. ग्रंथालय हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे आणि तुमचे सभासद ग्रंथालय कर भरतात तो कर्नाटकात. मग प्रश्नही इथल्याच आमदाराला विचारायचा. वर्गणी मात्र सोडू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, असला कुठलाही कायदा येण्याच्या कितीतरी आधीचं. सभासदांची यादी अद्ययावत ठेवा आणि प्रत्येकाच्या नावापुढे गाव आणि वॉर्ड लिहा. आमदार ती यादी तुमच्या अर्जाच्या आधी वाचतील.