हेलेन क्रोलर-म्युलर म्हणजे नवऱ्याच्या पैशावर चित्रं जमवणारी हौशी बाईच ना? तिच्या संग्रहालयासाठी ॲमस्टरडॅमहून एक दिवस खर्च करावा का?

करावा. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला जास्त झोंबला, कारण हेच वाक्य मी घरच्या माणसाकडून ऐकलं आहे.

आम्ही उट्रेख्टला राहतो. थोरले दीर पुण्याहून आले तेव्हा मी त्यांना हट्टाने ओटर्लोला, हेलेनच्या संग्रहालयात नेलं. व्हॅन गॉगचं ते रात्रीच्या कॅफेचं चित्र तिथेच आहे: दिव्याने पिवळाधमक झालेला मांडव, खाली बऱ्याचशा रिकाम्या खुर्च्या, वर गर्द निळ्यात टपोऱ्या चांदण्या. त्याच्यासमोर हात मागे बांधून भाऊजी म्हणाले, "नवरा एवढा कमावणारा असता तर तूही जमवलं असतंस." मी तिथेच वाद घातला. तो घरी जेवताना चालला आणि अजून मिटलेला नाही.

भाऊजी, हा पैसा ज्या कंपनीचा, ती मुळात तिच्या वडिलांची. खनिज आणि जहाजांचा धंदा विल्हेल्म म्युलर यांनी उभारला. १८८८ मध्ये हेलेनचं आंतोन क्रोलरशी लग्न झालं, पुढच्याच वर्षी वडील गेले आणि धंदा जावयाच्या हाती आला. त्याने तो खूप वाढवला, हे खरंच. पण पाटीवर नाव म्युलरच राहिलं. मुलीचं माहेर विसरायचं आणि तिला नवऱ्याच्या जिवावर जगणारी म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

आणि नुसत्या पैशाने नजर येत नाही. ब्रेमर नावाच्या कलाशिक्षकाकडे आधी तिची मुलगी शिकत होती, मग ही स्वतः जाऊन बसली. तोवर पस्तिशी उलटली होती. पुढे ब्रेमर तिचे सल्लागार झाले. व्हॅन गॉगवरून लोक अजून नाकं मुरडत होते तेव्हा तिने त्याची सुमारे ९० चित्रं आणि १८०हून अधिक रेखाटनं घेतली. व्हॅन गॉगच्या घराण्याबाहेरच्या एका माणसाने केलेला त्याच्या कामाचा एवढा मोठा खासगी संग्रह दुसरा नाही. सरा, पिकासो, मोंद्रियान या चित्रकारांची चित्रं वेगळीच. १९१३ पासून हेगमध्ये कंपनीच्या कचेरीला लागून तिने हा संग्रह लोकांना दाखवायला सुरुवातही केली.

१९११ मध्ये मोठं ऑपरेशन झालं, त्यातून उठली तीच संग्रहालय बांधायचं ठरवून. तरुण वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहच्या आराखड्याचा लाकूड-कापडाचा पूर्ण मापाचा नमुना माळावर उभा करून पाहिला. तो आराखडा बारगळला, बर्लाखेचाही बारगळला. नंतर व्हान डे व्हेल्डेचं भव्य काम सुरू झालं, ते १९२२ मध्ये पैशाअभावी थांबलं. कंपनी डबघाईला आली, पण संग्रह तिने फुटू दिला नाही. १९३५ मध्ये सगळा सरकारला दिला, अट एकच: संग्रहालय बांधा. १९३८ मध्ये ते उघडलं, पहिली संचालक तीच, आणि १९३९च्या डिसेंबरात ती गेली. हौस म्हणतात ती पहिल्या तोट्यात संपते.

पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होता आणि कंपनीने बक्कळ कमावलं, ही गोष्ट मी झाकत नाही. भाऊजींचा तो मुद्दा मला मान्य आहे. पण त्या काळात कमावलेले जहाजवाले पुष्कळ होते.

जायचं कसं, ते नकाशा सांगेल. एवढंच लक्षात ठेवा की संग्रहालय होखे वेलुवे अभयारण्याच्या आत आहे, म्हणून अभयारण्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आत पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. मागची शिल्पबाग २५ हेक्टरची आहे, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर आधी चित्रं उरका. ॲमस्टरडॅममध्ये एकच दिवस हातात असेल तर मात्र तिथलं व्हॅन गॉग संग्रहालयच बघा, ओटर्लोला घाईत जाऊ नका.