शेतीसाठी जुनं १३-१४ टनी पोकलेन घ्यावं का, अवर मीटरवर ७ हजार तास दिसतायत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चर काढायचे, तळं खोदायचं, जुन्या झाडांची खोडं उपटायची, बांध घालायचे, त्यासाठी सेकंडहँड पोकलेन बघताय. एक १३-१४ टनाचं मशीन मनात भरलंय, मीटर ७,००० दाखवतोय, नवा कोरा रंग मारलाय, आणि विकणारा वर म्हणतोय की त्याच भावात २० टनाचं पण देतो. माझ्याकडे स्वतःचं जुनं मशीन आहे आणि ते शेतातच चालतं, त्यावरून सांगतो. साइज १३-१४ टनच ठेवा, ७,००० चा आकडा जवळपास विसरून जा, आणि मशीन चांगलं तापल्याशिवाय भावाचा विषयच काढू नका.

साइजचं आधी उरकतो. २० टनी मशीन साधारण साडेसहा मीटर खोल जातं, इंजिन दीडशे एचपीच्या आसपास, बकेट घनमीटरच्या जवळपास. १३-१४ टनी साडेपाच मीटरच्या आसपास जातं, नव्वद-शंभर एचपी, बकेट अर्ध्या घनमीटरच्या थोडी इकडेतिकडे. मोठं घ्यावंसं वाटणारच, पण शेतात साडेपाच मीटरच्या खाली जायचंय कशाला? मोठ्याला डिझेल जास्त, ट्रेलर मोठा, रुंदी पावणेतीन ते तीन मीटर म्हणजे फाटकातून आणि झाडांच्या ओळीतून जाताना रोजची कटकट. आणि जमीन. चेनमुळे वजन पसरतं, वरच्या थरावर दाब कमी येतो हे खरं, पण खालची माती दाबली जाते ती एकूण वजनाने, आणि ओल्या रानात मशीन जागच्या जागी वळवलं की चेन सगळं कालवून ठेवते. एवढं करून २० टनाचं जर १४ टनाच्या भावात मिळत असेल तर ते का मिळतंय हा प्रश्न स्वतःलाच विचारा, विकणारा सांगणार नाही.

आता अवर मीटर. मीटर बदलता येतो, पॅनल बदलला की शून्यापासून सुरू, आणि जुन्या मशीनवर तर वायर काढून ठेवली तरी काम चालू राहतं. ठेकेदाराकडचं मशीन वर्षाला हजार-दीड हजार तास सहज चालतं, त्या हिशोबाने मशीनचं वय आणि मीटर जुळतंय का बघा. मग केबिनमध्ये बसा आणि हात लावून बघा, ट्रॅव्हल पेडलचं (मशीन पुढे-मागे चालवायच्या पेडलचं) रबर गुळगुळीत झालंय का, जॉयस्टिकच्या मुठीवरची जाळी पुसली गेलीय का, सीट बसकी आहे का, दाराची बिजागरी ढिली आहे का. दहा-बारा हजार तास चाललेली केबिन लपत नाही. नव्या मशीनमध्ये तास कंट्रोलरमध्ये पण साठतात, कंपनीच्या मेकॅनिकला लॅपटॉप लावून वाचता येतात, आणि काहींवर टेलिमॅटिक्स, म्हणजे तास वगैरे माहिती आपोआप कंपनीला पाठवणारी यंत्रणा, असतं (कोमात्सूवर कोमट्रॅक्स तसं), तिथली नोंद मागा. पण खरं सांगू का, तास खरे असले तरी त्याने फार काही कळत नाही. मऊ मातीत ९,००० तास चाललेलं मशीन मी डोळे झाकून घेईन, खाणीत ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून ४,००० चाललेलं फुकट दिलं तरी विचार करीन. ब्रेकरचे हादरे आर्मच्या (बकेट धरणाऱ्या पुढच्या हाताच्या) टोकाला, पिनांना, बूमच्या (मशीनला जोडलेल्या मोठ्या हाताच्या) वेल्डिंगला सगळीकडे बसतात आणि हायड्रॉलिक ऑइलमध्ये घाण जाते. आर्मवरून जादा पाइपलाइन गेलेली दिसली तर विचारा कशासाठी होती आणि किती वर्षं ब्रेकर चालला.

सगळ्यात जास्त वेळ खाली घालवा, म्हणजे चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), रोलर (चेनवर मशीन तोलणारी छोटी चाकं), आयडलर (दुसऱ्या टोकाचं, चेन ताणून धरणारं चाक). चेनवाल्या मशीनच्या आयुष्यभराच्या देखभालीतला जवळपास निम्मा खर्च या अंडरकॅरेजवरच जातो असा अंदाज मशीनच्या धंद्यातले लोक नेहमी सांगतात आणि माझा अनुभव काही वेगळा नाही. रंग सगळं झाकतो पण लोखंडाचा झिजलेला आकार झाकता येत नाही. स्प्रॉकेटसमोर उकिडवं बसा. चांगल्या स्प्रॉकेटच्या दाताचा माथा रुंद, बोथट असतो आणि दोन दातांमधली खोबण बुशच्या (चेनच्या कड्यांमधल्या नळीच्या) मापाने गोल असते. झिजलेल्याचा दात टोकदार झालेला असतो, एका अंगाला कललेला, खोबण लांबट. आता गंमत म्हणजे काही लोक विकायच्या आधी फक्त स्प्रॉकेट नवं टाकतात कारण तेच पटकन दिसतं, चेन जुनीच. ताणलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर नीट बसत नाही आणि थोड्याच दिवसांत त्यालाही खाऊन टाकते. म्हणून स्प्रॉकेट चकचकीत आणि चेनच्या कड्या पातळ असं दिसलं की सावध. आयडलर पुढे किती सरकलाय ते बघा, ग्रीस भरून भरून शेवटपर्यंत ढकललेला असेल तर चेन ताणून संपलीय. दोन्ही बाजूंचे शू (चेनवरच्या लोखंडी पट्ट्या) मोजा आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा, कडी काढून चेन आवळलेली असेल तर एक शू कमी भरतो. रोलरमधून तेल गळल्याचे काळे ओघळ आहेत का, एखादा रोलर न फिरता एका बाजूने सपाट झालाय का, तेही बघा.

मग ऑपरेटरला सांगा वरचा भाग आडवा फिरवून बकेट जमिनीला दाबून एका बाजूची चेन उचलून धरायला आणि ती फिरवायला. तुम्ही लांब उभं राहून तीन फेऱ्यांना किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा, मग दुसरी बाजू. दोन्हींत ठळक फरक आला तर एका ट्रॅव्हल मोटरमध्ये (चेन फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरमध्ये) किंवा पंपात दम नाही. फायनल ड्राइव्हमधून (त्या मोटरला जोडलेल्या गिअरबॉक्समधून) खरखर, टकटक येते का ऐका, आणि शक्य असेल तर त्याचा ड्रेन प्लग काढून थोडं ऑइल बोटावर घ्या, चंदेरी रंगाची चमक सगळ्या ऑइलभर असेल तर गिअर चावतायत. हा पार्ट महाग असतो, कुठल्याही मशीनचा.

दुसरी मोठी गोष्ट हायड्रॉलिक, आणि इथेच लोक फसतात कारण थंड असताना सगळीच मशीनं चांगली चालतात. थंड ऑइल जाड असतं, झिजलेल्या पंपातून, व्हॉल्व्हमधून ते आतल्या आत कमी निसटतं. तासाभराने ऑइल तापून पातळ झालं की मग खरं रूप दिसतं, बूम हळू उठतो, चढावर मशीन रडतं. म्हणून निदान तास-दीड तास खरी खोदाई करून घ्या, नुसतं हवेत आर्म हलवणं म्हणजे ट्रायल नाही. विकणारा "एवढं डिझेल कोण जाळणार" म्हणाला तर डिझेल तुमच्या पैशाने टाका पण ट्रायल सोडू नका. तापल्यावर बूम उचलणं आणि स्विंग (वरचा भाग गोल फिरवणं) दोन्ही एकदम करायला सांगा आणि कान इंजिनकडे ठेवा. हालचाल मंद आहे आणि इंजिनवर लोडच आल्यासारखं वाटत नाही, म्हणजे पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) बोट. हालचाल सुरू होताच इंजिन बसतंय, काळा धूर ओकतंय, म्हणजे डिझेल, हवा, टर्बो, इंजेक्टर यांच्याकडे बघायचं.

त्यानंतर बकेट मातीने भरून आर्म पुढे, बूम वर, इंजिन बंद, आणि कोणालाही खाली उभं राहू न देता पाच मिनिटं थांबा. थोडंसं खाली येणं चालतं. डोळ्यादेखत उतरत असेल तर सिलिंडरचे सील तरी गेलेत किंवा मेन व्हॉल्व्ह झिजलाय, सील किट स्वस्तात पडतं, व्हॉल्व्ह नाही. सिलिंडरच्या रॉडवरून (इंजिन बंद असताना, बूम खाली असताना) नख फिरवा, खड्डा किंवा उभी चीर लागली तर नवा सील घालूनही तो पुन्हा फाटणार.

आणि एक काम जे फार कमी लोक करतात. विकणाऱ्याला सांगा हायड्रॉलिकचा रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारं ऑइल गाळणारा) नवा मी आणतो, जुना मला काढून दे. तो कापा, आतला कागद उलगडा आणि उन्हात तिरका धरून बघा. थोडा काळपट गाळ असणारच. पण कागदाच्या घड्यांमध्ये सोनेरी बारीक चमक दिसली तर ते पंपातलं किंवा मोटरमधलं पितळ आहे, काळे रबराचे तुकडे दिसले तर सील सुटतायत, लोहचुंबकाला चिकटणारे कण आले तर स्टील. हायड्रॉलिक ऑइल दुधट असेल तर पाणी शिरलंय, जळका वास असेल तर वारंवार ओव्हरहीट झालंय. ऑइल लॅबमध्ये देता आलं तर उत्तम, इंजिन ऑइलचंही द्या, सिलिकॉन जास्त आलं तर एअर फिल्टरमधून धूळ जात होती असं समजा.

इंजिनबद्दल थोडक्यात. तुम्ही पोचाल तेव्हा ते थंडगार असलं पाहिजे, हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. तापल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय का ते तपासा, आयडलिंगवर ऑइलचं झाकण ढिलं केल्यावर वाफ जोरात फुसफुसत असेल तर रिंगा गेल्यात. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नको. बस, इंजिन कुठलाही बरा मेकॅनिक बांधून देतो, मला त्याची तेवढी भीती वाटत नाही.

स्विंगचं बेअरिंग मात्र बघाच. बकेट जमिनीवर टेकवून हलकं दाबलं की वरचा भाग किंचित उचलतो, तेव्हा बेअरिंगच्या फटीत किती खेळ आहे ते लांबून बघायचं, बोट घालायचं नाही. उताराला आडवं उभं करून स्विंग सोडलं तर जागेवर थांबतं का तेही बघा. बूमच्या पायथ्याशी, आर्मच्या टोकाला, सिलिंडरच्या कानांजवळ पत्रा वेल्ड केलेला असेल तर तिथे आधी तडा होता. एक नीट केलेलं वेल्डिंग मला चालतं, पट्टीवर पट्टी असेल तर नाही.

टियर ४ फायनल किंवा स्टेज ५ चं (धुराच्या नव्या, कडक नियमांचं) इंजिन असेल तर एक मुद्दा शेतीवाल्यांसाठी खास आहे. त्यात अनेकदा धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, तो स्वतःला जाळून साफ करतो पण त्यासाठी इंजिन चांगलं तापावं लागतं. ठेकेदाराकडे दिवसभर लोडवर चालतं म्हणून निभतं, आपण अर्धा तास चर काढणार, मग मशीन आयडलिंगवर आणि आपण पाइप जोडतोय, अशाने तो चोंदतो. कमी वापरासाठी मला तरी साधं जुनं, मेकॅनिकल पंपाचं इंजिन बरं वाटतं, नियमात बसत असेल तर. तसंच ज्या ब्रँडचे पार्ट आणि माणूस तुमच्या जवळपास मिळतो तोच घ्या, बाहेरून आलेलं स्वस्त मशीन एका सेन्सरसाठी महिनाभर उभं राहतं.

कागदांत फ्रेमवरचा सिरीयल नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही स्वतः वाचून बिलाशी जुळवा, नंबरची प्लेट नवीन रिव्हेटने ठोकलेली असेल तर तिथूनच मागे फिरा. मशीनवर कर्जाचा बोजा नाही याचं लेखी पत्र बँकेकडूनच घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही.

पैशांचं म्हणाल तर किमतीच्या पंधरा-वीस टक्के वेगळे काढून ठेवा, पहिल्या वर्षी लागतातच. आणि वर्षाला दोन-तीनशे तासांचंही काम नसेल तर भाड्याने बोलवणं परवडतं, हे ऐकायला आवडणार नाही पण आधी एका कागदावर कामं लिहून तास काढा. घ्यायचं ठरलं तर सोबत दोन बकेट मागा, एक दातांची अरुंद आणि एक बिनदातांची रुंद, चर साफ करायला आणि मातीचा उतार काढायला रुंदशिवाय मजा नाही. खोडांसाठी थंब (बकेटसमोरचा, वस्तू पकडायचा अंगठा) असेल तर सोन्याहून पिवळं. क्विक हिच (बकेट झटपट बदलायची जोडणी) असेल तर त्याची सेफ्टी पिन लागते का ते स्वतः बघा, बकेट सुटून माणसं गेलेली आहेत. मशीन तुम्हीच चालवणार असाल तर जॉयस्टिक आयएसओ पॅटर्नची आहे की एसएई (कुठल्या जॉयस्टिकने काय हलतं याच्या दोन पद्धती) ते विचारा, हात एका पॅटर्नला बसला की दुसऱ्यावर बूमच्या जागी आर्म जातो.

आणल्यावर सगळी ऑइलं, सगळे फिल्टर बदला, मागच्याने कालच बदललेत म्हणाला तरी. उभं करताना रॉड होतील तितके आत घेऊन ठेवा, बाहेर राहिलेल्या क्रोमवर गंज चढतो. लांब अंतर रिव्हर्समध्ये चालवू नका, बुश आणि स्प्रॉकेट त्याने लवकर झिजतात.

तुमच्या त्या मशीनच्या स्प्रॉकेटचे दोन्ही बाजूंचे जवळून फोटो आणि आयडलर पुढे किती आलाय त्याचा एक फोटो टाका, खाली किती जीव उरलाय ते त्यावरून बऱ्यापैकी सांगता येईल.