कमोडिटी फेटिशिझम म्हणजे चंगळवाद नव्हे

प्रश्न असा आहे: मार्क्सच्या 'कमोडिटी फेटिशिझम'ला मराठीत 'चंगळवाद' म्हणावं का? आणि 'रीइफिकेशन'साठी, म्हणजे माणसांचे संबंध वस्तूंसारखे होण्यासाठी, 'वस्तुकरण' बरोबर की 'वस्तूकरण'?

चंगळवाद? अजिबात नाही. माणसांच्या श्रमांमधलं नातं बाजारात मालामालांमधलं नातं म्हणून दिसणं, हा मार्क्सचा कमोडिटी फेटिशिझम. कुणी गरज नसताना नवा फोन घेतला की 'बघा, फेटिशिझम!' म्हणायची जी टूम निघाली आहे, तिचा मार्क्सशी काडीचा संबंध नाही. दमडी न सोडणारा कंजूषही या फेटिशिझममधून सुटत नाही. मार्क्सच्या 'कॅपिटल' या ग्रंथाच्या (१८६७) पहिल्याच प्रकरणात उदाहरण आहे: २० वार लिननचं मोल एका कोटाइतकं. विणकर आणि शिंपी एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. नातं असतं त्यांच्या श्रमांचं, दिसतं मात्र कापडाचं आणि कोटाचं. मोल हा जणू कापडाच्या अंगचाच गुण! 'बाजार घाबरला', 'दर अल्गोरिदमने ठरवला' असं आपण बिनदिक्कत बोलतो, तेही याच जातीचं.

खरी गंमत 'फेटिश' या शब्दातच आहे. फेटिश म्हणजे अंगी जादुई शक्ती आहे असं मानून पुजलेली वस्तू. हा शब्द विद्वानांत रुजवला तो शार्ल द ब्रॉस या फ्रेंच पंडिताने, १७६० मध्ये. त्याने व्युत्पत्ती लावली ती 'फातुम' म्हणजे दैव वगैरे लॅटिन शब्दांवरून. सपशेल चूक! मूळ धातू आहे 'फाकेरे', म्हणजे करणे. त्यावरून 'फाक्तिकिउस', म्हणजे केलेलं, कृत्रिम. आणि त्यावरून पोर्तुगीज 'फेइतिसो', म्हणजे चेटूक. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या पूज्य वस्तूंना हे नाव ठेवलं. मार्क्सने १८४२ मध्ये द ब्रॉस वाचला आणि पुढे हाच हिणवणारा शब्द युरोपातल्या बाजारावरच उलटवला.

करण्यावरून चेटूक! मराठी कान अजून टवकारले नाहीत? अहो, 'करणी'! आपल्याकडेही धातू 'कर'च. संस्कृतात चेटकाला 'कृत्या', तीही 'कृ'पासून. अथर्ववेदातल्या सूक्तांत तर 'कृत्या करणाऱ्यावरच परत जावो' अशी मागणी आहे. माणसाने घडवलेली गोष्ट माणसाच्याच मानेवर बसते, हेच तर मार्क्स सांगतोय.

म्हणून 'वस्तुपूजा' हा कमोडिटी फेटिशिझमचा प्रतिशब्द मला कधीच पटला नाही. पूजा करणाऱ्याला आपण पूजा करतोय हे ठाऊक असतं. इथे मार्क्सचं वाक्य आहे: 'त्यांना ते कळत नसतं, पण ते करतात.' पुन्हा 'करतात'! तेव्हा माझं मत 'मालाची करणी' या शब्दाला. करणीला कुणी मांत्रिक लागतो, मार्क्सच्या बाजारात तो कुठे आहे, असा आक्षेप काही अभ्यासक घेतील. घेऊ देत. इथे देवाणघेवाण करणारा प्रत्येक जण नकळत मांत्रिक असतो आणि झपाटलेलाही तोच. 'वस्तुपूजा'वाल्यांनी एवढं तरी आपल्या शब्दात बसवून दाखवावं.

राहिलं ते वस्तूकरण. हंगेरियन मार्क्सवादी तत्त्वज्ञ ग्यॉर्ग लुकाचने १९२३ मध्ये मार्क्सच्या याच विवेचनातून ती संकल्पना वाढवली. माणसांमधले संबंध आणि माणसाची कुवतसुद्धा वस्तूसारखी, मोजण्याजोगी होते असा तिचा रोख. 'तू' दीर्घच: लघूकरण, मृदूकरण, तसंच वस्तूकरण.