गिरण्यांच्या आधीची मजुरी

प्रश्न : माझी आजी परळच्या एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, की बाईने मजुरीसाठी उंबरठा ओलांडला तो गिरण्यांमुळेच. त्याआधी तिचे काम घरापुरते असे. हे खरे मानावे काय?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्ष नावाच्या, सूतकामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. विधवा, अपंग स्त्रिया, मुली, प्रव्रजिता म्हणजे संन्यासिनी, देवळाच्या सेवेतून सुटलेल्या देवदासी आणि राजवाड्यातल्या वृद्ध दासी यांच्याकडून त्याने लोकर, कापूस इत्यादींचे सूत कातून घ्यावे आणि ते तलम, मध्यम की जाडेभरडे हे पाहून मजुरी ठरवावी, असे तिथे म्हटले आहे. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासींकरवी काम पोहोचवावे. ज्या स्वतः भल्या पहाटे सूतशाळेत येतील त्यांचे सूत घेऊन मजुरी चुकती करावी, मात्र दिवा सूत पारखण्यापुरताच असावा. बाईच्या तोंडाकडे पाहणाऱ्या किंवा तिच्याशी कामाव्यतिरिक्त बोलणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे आणि मजुरी थकवणाऱ्याला त्याहून मोठा. पगाराच्या खिडकीशी काय घडते, हे लिहिणाऱ्याला चांगलेच ठाऊक असावे. तरीही त्याला फार दयाळू समजू नये, कारण मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीची अंगठ्याची चिमूटच (अंगठा आणि त्याच्या जोडीचे बोट) कापावी, असेही तो सांगतो, आणि त्या चिमटीविना सूत कातता येत नाही.

ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही; शिवाय तो काय असावे हे सांगतो, काय होते हे नव्हे. ज्यांना प्रत्यक्ष कागदपत्र हवे, त्यांनी इ.स.पू. एकोणिसाव्या शतकातल्या, आजच्या इराकमधल्या अश्शूर नगराकडे वळावे. तिथल्या स्त्रिया विणलेले कापड गाढवांच्या तांड्यांबरोबर आजच्या तुर्कस्तानातल्या कानेश या व्यापारपेठेत पाठवत आणि त्याच्या मोबदल्यात चांदी येई. त्यांची मातीच्या पाट्यांवरची पत्रे आजही वाचता येतात. लमस्सी नावाच्या स्त्रीचा पती पूशूकेन कानेशात व्यापार करी. कापड लहान आहे, चांगले नाही, या त्याच्या तक्रारीवर आकार तुमच्याच सांगण्यावरून कमी केला होता, असे तिने त्याला सुनावले. आता प्रत्येक कापडात अर्धा मिना, म्हणजे सुमारे पाव किलो, लोकर जास्त घाल, असे त्याने पुन्हा कळवले होते. तेही तिने केले. हे काम घरातच होत असे, पण घरापुरते मुळीच नव्हते.