पणजोबांचं पत्र आणि तपकिरी शाई

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. इतिहास म्हटलं की कंटाळते. घरात पणजोबांची पत्रं आणि फोटो आहेत. त्यातून तिला शिकण्याची गोडी लागेल का?

उत्तर : लागेल, पण अख्खी वंशावळ तिच्यापुढे मांडू नका. तयार तक्ता पाहून मूल 'बरं' म्हणतं आणि खेळायला जातं. तिच्या हाती एकच पत्र द्या, सोबत भिंग. मग विचारा, शाई तपकिरी का दिसते? काही ठिकाणी अक्षराच्या रेषेवरच कागद का चिरलाय? जुनी शाई पुष्कळदा ओकच्या झाडावरच्या गाठींतलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोहाचं सल्फेट मिसळून करत. लिहिताना ती फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद पोखरतात. इतिहासाला कंटाळणारी मुलगी इथे रसायनशास्त्राच्या दारातून आत येते, आणि ते उत्तम आहे.

गणितही याच पत्रात आहे. एकेक पिढी मागे गेलं की पूर्वज दुप्पट होतात: आईवडील २, आजी-आजोबा ४, पुढे ८. दहाव्या पिढीत १,०२४ होतात. तिला तिसाव्या पिढीपर्यंत स्वतः दुप्पट करू द्या. आकडा १०७ कोटींच्या वर जातो, आणि त्या काळी पृथ्वीवर एवढी माणसंच नव्हती! मग ही माणसं आली कुठून? तेच पूर्वज वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतात, हे उत्तर तिचं तिला सापडायला हवं. दोन दिवस लागले तरी सांगून टाकू नका.

प्रश्न : आजी सांगते ती सालं कागदांशी जुळत नाहीत. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : लगेच कोणाचंच नाही. माणूस साल विसरतो, क्रम सहसा लक्षात ठेवतो. म्हणून 'कोणत्या साली?' ऐवजी 'धाकट्याच्या जन्माआधी की नंतर?' असं विचारा. कागदही चुकतात. जुन्या नोंदींत वयं ४०, ५०, ६० अशी ढोबळ करून लिहिलेली खूप आढळतात.

आजीच्या हातात एखादी जुनी वस्तू द्या किंवा लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगा. खोल्या आठवल्या की माणसं आठवतात. बैठक ४० मिनिटांत संपवा, थकलेली आठवण गोष्टी एकमेकींत मिसळते. मध्येच चूक दुरुस्त केलीत तर आजी पुढचं सांगायचीच थांबेल.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे कोणी सांगितलं, कधी आणि खात्री किती, हे मुलीनेच लिहावं. खोटी ठरलेली नोंद खोडरबराने पुसू नये, एक रेघ मारून तशीच ठेवावी. पुढचा पुरावा कधीकधी त्या नोंदीच्याच बाजूने निघतो.

मूळ पत्रांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते सुखरूप काढता येत नाही. ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने.